कार्डशीट, खळ आणि गिऱ्हाईक

दिवाळीच्या सुट्टीआधी बऱ्याच शाळांत एक दिवस बाजार भरतो. पटांगणात बाकं ओळीने मांडलेली असतात आणि त्यांवर मुलांनी केलेली भेटकार्डं, आकाशकंदील, तोरणं, लिफाफे, कागदी पिशव्या, क्विलिंगचे झुमके. गल्ला म्हणून जुनी कंपासपेटी. पहिला तासभर माल भराभर खपतो, कारण गिऱ्हाईक म्हणजे कुणाची आई, कुणाची आजी, नाहीतर वर्गाच्या बाई. आजी नातीचं कार्ड वीस रुपयांना घेते आणि वर दहा रुपये खाऊला देते. याला कौतुक म्हणायचं. विक्री सुरू होते ती यानंतर, कुणाचाच कुणी नसलेला एखादा माणूस फाटकावरचा फलक वाचून आत येतो तेव्हा. तो कार्ड उघडतो, घडीवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "इथे पांढरं पडलंय. चिरणार हे."

कागदकाम मुलांना बऱ्याच जागी शिकवलं जातं. पण या माणसासारखं शिकवणारं दुसरं कुणी नसतं, असं माझं मत आहे. बाई दहापैकी आठ देतात आणि दोन का कापले ते सांगायला त्यांना वेळ नसतो. तो माणूस कारण सांगतो आणि कार्ड खाली ठेवून पुढच्या बाकाकडे जातो.

आता ते कार्ड घडीवर का चिरलं, ते पाहू. यंत्रावर कागद बनतो तेव्हा पाण्यात कालवलेला लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या बारीक जाळीवर पसरतो. जाळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला बरेचसे तंतू आडवे होऊन बसतात. म्हणून लाकडासारखी कागदालाही उभी-आडवी शीर असते. शिरेच्या दिशेने घडी घातली तर ती सुबक बसते. शिरेला छेदून घातली तर तंतू मोडतात, वरचा रंगीत थर तडकतो आणि आतला पांढरा गर दिसू लागतो. पातळ कागदात हे लक्षात येत नाही, जाड कार्डशीटमध्ये लगेच येतं. खात्री करायची असेल तर जुनं वर्तमानपत्र घेऊन वरून खाली फाडा, बहुधा सरळ फाटेल. मग आडवं फाडा, फाट वाकडीतिकडी पळेल. कार्डशीटची शीर ओळखायला फाडायचीही गरज नाही. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचं. ज्या बाजूने कमी अडतं, ती घडीची दिशा.

दुकानात मिळणारं मोठं कार्डशीट बहुधा २२ बाय २८ इंचांचं असतं. त्यातून ५ बाय ७ इंचांची, मधोमध दुमडणारी कार्डं काढायची आहेत, म्हणजे उलगडलेला तुकडा १० बाय ७. मुलं साधारण दोन तऱ्हांनी आखतात. पहिल्या तऱ्हेत २२ च्या बाजूला १० इंच दोनदा आणि २८ च्या बाजूला ७ इंच चारदा, अशी आठ कार्डं निघतात. २ बाय २८ ची एक पट्टी उरते, तिच्यातून चार बुकमार्क होतात. दुसऱ्या तऱ्हेत २२ च्या बाजूला ७ इंच तीनदा आणि २८ च्या बाजूला १० इंच दोनदा, म्हणजे सहा कार्डं. उरलेली आठ इंची पट्टी टाकून न देता तिच्यात तुकडे फिरवून बसवले तर आणखी दोन, म्हणजे तीही आठच. गणिताच्या पेपरात दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण शीटची शीर लांब बाजूने असेल तर पहिल्या तऱ्हेची आठही कार्डं नीट दुमडतात. दुसऱ्या तऱ्हेत फक्त ती मागाहून काढलेली दोन नीट दुमडतात आणि सहा चिरतात. फाटकातून आलेल्या माणसाच्या हाती त्या सहांतलं एक लागलं होतं.

शिरेच्या आडवी घडी घालावीच लागली तर आधी रेघ पाडून घ्यायची. पट्टी धरून रिकाम्या रिफिलने दाबून ओढायचं. शाई संपलेल्या रिफिली फेकू नयेत, त्या याच कामाला ठेवाव्यात.

हातकागदाला ही अडचण जवळजवळ नसते. हौदातल्या पातळ लगद्यात चौकट बुडवून वर काढतात आणि ती चारी बाजूंना हलवतात, त्यामुळे तंतू सगळ्या दिशांना पडतात. दौलताबाद-खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला ही कारागिरी जुनी. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली, ती कापसाच्या चिंध्यांपासून कागद करू लागली. शाळेच्या बाजारासाठी हा कागद महाग पडतो. पण एकदा एक ताव आणून मुलांना तो आणि यंत्राचा कागद शेजारीशेजारी वाकवायला द्यावा. धड्यापेक्षा लवकर कळतं.

कागदाच्या पाकिटावर जीएसएम म्हणून एक आकडा असतो. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. ए-फोर आकाराचे १६ ताव म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. म्हणून ८० जीएसएमच्या एका तावाचं वजन पाच ग्रॅम आणि पाचशे तावांच्या रीमचं अडीच किलो. मुलांना हा हिशेब फार आवडतो, कारण तो घरच्या तराजूवर ताडून बघता येतो. कार्डाला साधारण २५० जीएसएमचा कागद हवा. त्याहून पातळ कार्ड उभं राहत नाही आणि जाड कार्ड दुमडताना भांडतं.

आता किंमत. मुलांना "हे केवढ्याला देणार?" विचारलं तर दोनच उत्तरं येतात. एक "दहा रुपये", कारण दहाची नोट असते. दुसरं "शंभर", कारण खूप मेहनत घेतली. मधला रस्ता कागदावर मांडावा लागतो. समजा कार्डशीट १६ रुपयांचं आहे. आठ कार्डं निघाली, म्हणजे कार्डामागे दोन रुपये. लिफाफा दोन रुपये, रंग आणि गोंद मिळून एक. झाले पाच. पण आठांतलं एक कार्ड बिघडलं तर? त्याचा लिफाफा वाचला, तरी कागद आणि रंग गेलेच. एकूण ३८ रुपये सात कार्डांवर चढले, म्हणजे एक कार्ड साडेपाच रुपयांच्या आसपास पडलं. बिघाडाचा खर्च चांगल्या मालावरच चढतो, ही गोष्ट मोठ्या माणसांनाही उशिरा कळते.

पुढचा रकाना वेळेचा, आणि तो मुलं कधीच भरत नाहीत. तासाला तीन कार्डं होत असतील आणि वीस रुपयांना जात असतील, तर तासाला साडेत्रेचाळीस रुपये हाती राहतात. क्विलिंगच्या झुमक्यांच्या जोडीला साठ रुपये येतात म्हणून सगळ्यांना तेच करायचे असतात. पण तीन मिलिमीटरच्या पट्ट्या गुंडाळून, दाबून, चिकटवून, वर वॉर्निश लावून एक जोडी व्हायला दीड तास जातो. हूक आणि कागदाचे दहा रुपये वजा केले तर तासाला तेहतीसच. दिसायला जास्त कमाई, खरं तर कमी. हे कळल्यावरही काही मुली झुमकेच करतात, कारण त्यांना ते करायला आवडतात. ते त्यांनी खुशाल करावेत. रकाना भरलेला असला म्हणजे झालं.

पिशव्यांची गोष्ट वेगळी. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि त्या वर्षी शाळाशाळांतून वर्तमानपत्राच्या पिशव्यांचं पीक आलं. हेतू चांगला होता. पण पिशवी कुठे द्यायची याचा विचार कमी झाला. छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षेच्या वेष्टनविषयक नियमांनी मनाई आहे. म्हणजे वडापावची गाडी आणि फरसाणाचं दुकान ही गिऱ्हाइकं बाद. उरतात औषधांचं दुकान, स्टेशनरी, शिंपी, बांगडीवाला. औषधवाल्याकडे मुलं नमुना घेऊन गेली की तो पहिल्यांदा मापच सांगतो: गोळ्यांच्या पट्ट्यांना एवढी, सिरपच्या बाटलीला एवढी, आणि बाटलीची पिशवी काउंटरवर उभी राहिली पाहिजे.

पिशवी उभी राहायची तर बूड सपाट लागतं, आणि तीच घडी मुलांना सगळ्यांत अवघड जाते. दोन्ही टोकं आत दाबायची, समोरासमोरचे काठ मधल्या रेघेच्या जरा पलीकडे नेऊन एकमेकांवर चढवायचे, मग चिकटवायचे. काठ मधोमध भिडवून थांबलं तर बुडाला फट राहते आणि बाटली तिथूनच खाली येते. हे सपाट बूड यंत्राने घडवण्याची युक्ती अमेरिकेतल्या मार्गारेट नाइट या बाईंची. १८७१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, तेही यंत्राची नक्कल करून आधीच अर्ज ठोकणाऱ्या माणसाशी कज्जा जिंकून. या बाई लहानपणी सूतगिरणीत कामाला होत्या. बाराव्या वर्षी, सुटलेल्या धोट्याने एक कामगार जखमी झालेला पाहून, त्यांनी धोटा सुटू नये म्हणून एक साधन सुचवलं होतं. त्या वयाच्या मुलीने गिरणीत असावंच का, हा प्रश्न इथे येतोच. त्याकडे पुढे येतो.

आकाशकंदील हा बाजाराचा राजा. कामट्यांचे सारख्या मापाचे सहा चौकोन करायचे आणि कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधायचे. तसं केलं की मधे आठ त्रिकोण आपोआप उमटतात, ते कुणी करावे लागत नाहीत. वरचा चौकोन टांगायला मोकळा, खालचा झिरमिळ्यांसाठी. मापात अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तर सांगाडा लगेच तिरका होतो. भूमितीच्या वहीत ती चूक खपून जाते, कामटीत खपत नाही.

त्यावर पतंगाचा कागद लावायला मैद्याची खळ. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या, मग पाच-सहा वाट्या पाणी होईल इतकं वाढवत मंद आचेवर ढवळायचं. साठ-सत्तर अंशांच्या आसपास पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, मिश्रण पांढऱ्याचं पारदर्शक होऊ लागतं आणि चिकटपणा येतो. किडे लागू नयेत म्हणून पूर्वी घराघरांत खळीत मोरचूद टाकत. तो विषारी आहे, मुलांच्या हातात देऊ नये. खळ ताजी करावी आणि दुसऱ्या दिवशी वास आला की टाकून द्यावी. खळ लावलेला कागद ओला होऊन जरा वाढतो, सैल पडतो आणि मुलं घाबरतात. घाई करून तो ओढायचा नाही. वाळताना तो आपण होऊन आक्रसतो आणि डफासारखा ताणून बसतो. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी रस्त्याकडेला लटकणारे कंदील बघावेत. उत्तम कंदिलाच्या कागदावर टिचकी मारली की आवाज येतो.

शाळेत सुरू झालेलं कागदकाम बाजारात किती लांब जाऊ शकतं, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत मोठं उदाहरण जर्मनीतलं आहे. आजच्या सॅक्सनीतल्या निस्की गावात मोरावियन पंथाची मुलांची शाळा होती. १८३० च्या दशकात तिथे भूमिती शिकवायला मुलांकडून कागदाच्या टोकदार चांदण्या करवून घेत. मूळ आकार २६ बाजूंच्या घनाकृतीचा, १८ चौकोन आणि ८ त्रिकोण. प्रत्येक बाजूवर कागदाचा एक सुळका बसवायचा, फक्त वरचा एक चौकोन दोरीसाठी मोकळा. म्हणून सुळके पंचवीस. सहा चौकोनांच्या आपल्या कंदिलाची ही मोठी भावकीच म्हणायची. या शाळेतल्या एका माजी विद्यार्थ्याने, पीटर फेरबेक यांनी, १८८० च्या सुमारास आपल्या पुस्तकांच्या दुकानातून अशा चांदण्या विकायला सुरुवात केली. त्यांच्या मुलाने १८९७ मध्ये हेर्नहूट गावी कारखाना काढला. हेर्नहूटची चांदणी आजही नाताळात देशोदेशी जाते. मुलांनी शिकायचं आणि मोठ्यांनी विकायचं अशी ही वाटणी झाली. मुलं वर्गात शिकली, धंदा त्यांच्यातल्या एकाने मोठं झाल्यावर केला. ही वाटणी मला बरी वाटते.

कारण उलट वाटणीही इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या गरीब वस्त्यांत आया आणि मुलं घरी बसून काड्यापेट्यांच्या डब्या चिकटवत. १४४ डब्यांना सव्वादोन पेनीच्या आसपास मजुरी मिळे आणि खळ नि सुतळी आपल्या पदरची. हिशेब तोच: कागद, खळ, वेळ. फक्त रकाने भरणारा दुसराच कुणी होता. आपल्याकडे शिवकाशीच्या काड्यापेटी उद्योगातही मुलांचे हात बराच काळ राबले.

म्हणूनच १९३७ चा वर्धेतला वाद आजही वाचण्यासारखा आहे. २२ आणि २३ ऑक्टोबरला तिथे शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफावं, मुलांनी केलेला माल सरकारने घ्यावा आणि हळूहळू शिक्षकांचा पगार त्यातून निघावा, असा त्यांचा आग्रह होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांना ही स्वावलंबनाची बाजू पटली नाही. मुलांचा माल बाजारात आला तर पोटासाठी तेच काम करणाऱ्या कारागिराचं काय, ही त्यांची शंका. योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकिर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात सावधगिरीचा इशारा लिहून ठेवला: पैशाची बाजू वरचढ झाली तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच गुंततील. योजना मांडणाऱ्यांनीच तिचा धोका लिहून ठेवावा, हा प्रामाणिकपणा पुढच्या योजनांत फारसा दिसत नाही.

माझा कल असा आहे. पगार निघावा इतकी विक्री धोक्याची, आणि अजिबात विक्री नसणं निरर्थक. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, 'कार्यानुभव' ही संकल्पना पुढे आणली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटलं. नाव लांबत गेलं आणि काम आखडत गेलं. आता कित्येक घरांत हा विषय रात्री साडेदहाला उगवतो. मूल झोपलेलं असतं, आई थर्माकोल कापत असते आणि बाबा चकाकी पूड शोधायला बाहेर पडलेले असतात. सकाळी ती वस्तू शाळेत जाते, तिला शेरा मिळतो, ती कपाटावर चढते आणि उन्हाळ्यात रद्दीत जाते. ती वापरणारं कुणीच नसतं, त्यामुळे ती बरी झाली की वाईट हे ठरवणारंही कुणी नसतं.

कायद्याची रेघही माहीत असावी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला सर्वत्र मनाई आहे. शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत कुटुंबाच्या, धोका नसलेल्या उद्योगाला हातभार लावणं एवढी मुभा ठेवली आहे, आणि दुसरी मुभा बालकलाकारांची. शाळेचा बाजार हा शिकण्याचा भाग आहे, नोकरी नव्हे. पण बाहेरचा कुणी येऊन "तुमच्या मुलांकडून हजार लिफाफे करून द्या, नगामागे इतके" म्हणाला तर सरळ नाही म्हणावं. घरी आलेल्या नगाच्या कामात, राख्या असोत की कागदी फुलं, कुटुंबाच्या मुभेआड मुलांचे तास सहज झाकले जातात. साधी कसोटी अशी की काय करायचं, किती करायचं आणि कधी थांबायचं हे मुलं ठरवताहेत का ते बघावं.

आणि पैसे कुठे जातात तेही. सगळी रक्कम एखाद्या मदतनिधीला देण्याची पद्धत आहे. ती चांगली, पण निर्णय मुलांना विचारून व्हावा. कागदाचे पैसे ज्या पालकांनी किंवा शाळेने दिले त्यांना ते आधी परत करावेत. भांडवल फेडल्याशिवाय नफा नाही, हे कळायला याहून सोपी जागा नाही. उरलेल्याचे वाटे मुलांनी करावेत. त्यात भांडणं होतात. ज्याने कापलं त्याला किती आणि जो दिवसभर ओरडून गिऱ्हाईक बोलवत होता त्याला किती? कापणाऱ्यांना वाटतं ओरडणाऱ्याने काहीच केलं नाही. मग पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाला बाकाशी उभं करावं. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच तशी मोकळीक दिली आहे. वाट्याचे दीडशे रुपये तिथे भरायला मुलाने स्वतः स्लिप लिहावी.

राहता राहिला न खपलेला माल. भेटकार्ड वाढदिवसाला चालतं, पिशवी बारमाही. कंदिलाची किंमत मात्र लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळनंतर एकदम उतरते. म्हणून जाणती मुलं नरक चतुर्दशीलाच पाटीवरच्या ऐंशीवर काट मारून पन्नास लिहितात. अडून बसणाऱ्यांना पाडव्याला तीसही कुणी देत नाही. त्यातूनही उरले तर कागद भिजवून उतरवावा, कामट्या सोडवून जुडी बांधावी. गोव्यात आणि वसई-वांद्र्याकडे डिसेंबरात दारोदार चांदण्या लागतात. त्यांना हाच पतंगाचा कागद लागतो आणि याच कामट्या, फक्त आता पाच कोन आखायचे असतात, प्रत्येक टोक ३६ अंशांचं.